पुड्यावरचा शिक्का आणि शाळेतले अंडे

वर्षावासाच्या निमित्ताने लोणी काळभोर येथील एका वस्तीतल्या विहारात रविवारी सकाळी आरोग्यावर व्याख्यान ठेवले होते. त्रिसरण-पंचशील झाले आणि पुण्याहून आलेल्या आहारतज्ज्ञ ताई बोलायला उभ्या राहिल्या. आपल्याच समाजातल्या, शिकून वर आलेल्या, तळमळीने बोलणाऱ्या. त्यांनी पिशवीतून एकेक पुडा काढून टेबलावर मांडला. बिस्किटे, वेफर्स, दोन मिनिटांत शिजणाऱ्या शेवया, लाल रंगाच्या सरबताची बाटली, चॉकलेटची पावडर. मग त्या म्हणाल्या, "हे सगळे अल्ट्रा-प्रोसेस्ड, म्हणजे अतिप्रक्रियायुक्त अन्न. हे घरात आणू नका. आपल्या हाताने मुलांना विष देऊ नका."

मागच्या रांगेतून एक बाई उठल्या. हडपसरला एका कंपनीत साफसफाईच्या कामाला जाणाऱ्या. म्हणाल्या, "ताई, तुम्ही म्हणता ते खरं असंल. पण मी पहाटं साडेपाचला घर सोडते. पोरगं सातला उठतं. चहासंगं पाच रुपयाचा पुडा खातं आन् शाळेत जातं. त्या पुड्याला तुम्ही इख म्हणलं, म्हणजे मी माझ्या पोराला रोज इख घालते, असंच ना?"

सभा गप्प झाली. अध्यक्षस्थानी मी होतो. उत्तर देणे माझ्याकडे आले आणि मी काहीतरी गुळमुळीत बोलून वेळ मारून नेली. घरी येईपर्यंत ते मनाला लागून राहिले. त्या बाईंना त्या दिवशी जे सांगता आले नाही, ते येथे सांगण्याचा प्रयत्न करतो आहे.

प्रश्न असा की, 'अतिप्रक्रियायुक्त' हा जो शिक्का आज जगभर अन्नावर मारला जात आहे, तो आपल्या कष्टकरी माणसाच्या काही उपयोगाचा आहे काय? की सुशिक्षितांनी गरिबांना शहाणपण शिकवण्याचे ते आणखी एक साधन आहे? लोणीवरून सोलापूर रस्त्याने पुढे गेले की उरुळी कांचन लागते. तेथे 1946 साली गांधीजींनी निसर्गोपचार केंद्र सुरू केले. गरिबांनी काय खावे याचे धडे या रस्त्याला नवीन नाहीत. तेव्हा शंका घेणे रास्तच आहे. पण शंका घेऊन थांबणे बरोबर नाही. मुळापर्यंत गेले पाहिजे.

हा शब्द आला ब्राझीलमधून. तेथील साव पावलो विद्यापीठात कार्लोस मोंतेरो नावाचे डॉक्टर आहेत. गरिबांच्या कुपोषणावर काम करीत ते या विषयाकडे आले. कुटुंबांच्या खर्चाच्या नोंदी तपासताना त्यांना एक विचित्र गोष्ट दिसली. लोक पूर्वीपेक्षा साखर, मीठ आणि तेल कमी विकत आणत होते, आणि लठ्ठपणा मात्र वाढत चालला होता. मग साखर गेली कोठे? ती किराणाच्या पिशवीतून पुड्यात गेली होती. घरचा स्वयंपाक मागे पडत होता आणि कारखान्याचा माल त्याची जागा घेत होता. यावरून मोंतेरो यांनी 2009 साली मांडणी केली की, अन्नात कोणते जीवनसत्त्व किती एवढेच पाहून भागणार नाही, ते अन्न कोणी, कशासाठी आणि कसे बनवले हेही पाहिले पाहिजे. या वर्गवारीला 'नोवा' असे नाव पडले. 2014 साली ब्राझील सरकारने आपल्या देशाच्या आहारविषयक सूचना याच विचारावर उभ्या केल्या.

नोवामध्ये चार गट आहेत. धान्य, डाळी, भाजी, दूध, अंडी, मासे, मांस हा पहिला. तेल, तूप, मीठ, साखर, गूळ हा दुसरा. पहिल्यात दुसरे घालून टिकवलेले पदार्थ, जसे खारवलेले मासे, लोणचे, भट्टीतला साधा पाव, हा तिसरा. आणि चौथा गट अतिप्रक्रियायुक्त पदार्थांचा. यात मका, सोयाबीन, पामतेल, साखर यांचे कारखान्यात तुकडे पाडून त्यातून वेगळे काढलेले अंश एकत्र केले जातात, वर रंग, वास, चव आणणारी रसायने घातली जातात आणि त्याला खाण्याच्या वस्तूचे रूप दिले जाते. ओळखण्याची खूण सोपी आहे. पुडा उलटा करा आणि आतील घटकांची यादी वाचा. तुमच्या किंवा तुमच्या आईच्या चुलीपाशी कधीच नसलेली नावे तेथे असतील, माल्टोडेक्स्ट्रिन, इन्व्हर्ट शुगर सिरप, इमल्सिफायर, आयएनएस 471, आयएनएस 627, आयएनएस 631, तर तो पुडा बहुधा चौथ्या गटातला.

आता आपल्या ताटाकडे या वर्गवारीतून पाहा. ज्वारीची भाकरी पहिल्या गटातल्या पिठाची. ठेचा, पिठले, कालवण ही पहिल्या-दुसऱ्या गटाच्या वस्तू घेऊन घरात शिजवलेली. सुकट, बोंबील नुसते वाळवलेले असतील तर पहिल्या गटात, मीठ लावून वाळवलेले असतील तर तिसऱ्यात. आणि आपल्या आजी-पणजींच्या घरांवर दोऱ्यांना लटकत असलेल्या चान्या? मांसाच्या पट्ट्या उन्हात वाळवून महिनोन्‌महिने टिकवणे ही कोणत्याही अन्नशास्त्रज्ञाने टोपी काढावी अशी प्रक्रिया होती. मेलेल्या जनावराचे मांस सोडा, हे बाबासाहेबांनी 1927 च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत सांगितले. तो स्वाभिमानाचा प्रश्न होता आणि समाजाने तो मान्य केला. पण वाळवून टिकवण्याची ती विद्या घाणेरडी नव्हती. तिला घाणेरडी ठरवणारी नजर घाणेरडी होती. शाहू पाटोळे यांनी 2015 साली 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात मराठवाड्यातील महार-मांगांच्या स्वयंपाकाची तपशीलवार नोंद केली, तेव्हा मराठी पाककृतींच्या पुस्तकांना इतकी वर्षे ही चूल दिसलीच नव्हती हे उघडे पडले.

या शिक्क्याचा पहिला उपयोग मला येथे दिसतो. आपल्याकडे अन्नाची वर्गवारी हजारो वर्षे झालेलीच आहे. सात्त्विक, राजस, तामस. शुद्ध, अशुद्ध. शाकाहारी, मांसाहारी. त्या सगळ्या वर्गवाऱ्यांमध्ये खालच्या पायरीवर कोण होते हे वाचकांना सांगायला नको. नोवाची वर्गवारी मात्र उलटी आहे. तिच्यात अंडे आणि मटण भाजीच्या शेजारी, पहिल्या गटात बसतात. आणि हिरवा ठिपका छापलेले, मंदिराचे चित्र असलेले, 'शुद्ध शाकाहारी' क्रीमचे बिस्किट चौथ्या गटात जाते. खाणाऱ्याची जात, देव, सोवळे-ओवळे यांच्याशी तिला देणेघेणे नाही. ती कारखानदाराला विचारते, बाबा, यात घातलेस काय?

मराठीत एक अडचण आहे, ती येथेच सांगून टाकतो. 'प्रक्रिया' हा आपल्याकडे चांगला शब्द आहे. प्रक्रिया उद्योग म्हटले की रोजगार, प्रगती, कर्ज-अनुदान असे सगळे डोळ्यांसमोर येते. लोणी काळभोरच्या राजबागेत अन्न तंत्रज्ञानाचे महाविद्यालय आहे. आपल्या गावाकडची मुले-मुली असले शिक्षण घेऊन कारखान्यांत नोकरीला लागतात, ही आनंदाची गोष्ट आहे. बचत गटांच्या बायका पापड, सांडगे, मसाला, शेवया करतात. 2020 साली सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी केंद्राची 35 टक्के अनुदानाची योजनाही सुरू झाली. व्याख्यानानंतर बचत गटाच्या एका मावशींनी मला बाजूला घेऊन विचारले, "भाऊ, आता आमचा पापड पण वाईट झाला का?" मावशी, तुमचा पापड वाईट झालेला नाही. दळणे, वाळवणे, खारवणे, भाजणे, आंबवणे या प्रक्रियांना कोणी नाव ठेवलेले नाही. 'अति' या दोन अक्षरांत सगळा फरक आहे, आणि व्याख्यान देणाऱ्यांनी तो आधी सांगितला पाहिजे.

शिक्का निव्वळ मताचा आहे की त्याला पुरावा आहे? पुरावा आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी 2019 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. 20 माणसांना संस्थेतच ठेवून दोन आठवडे अतिप्रक्रियायुक्त आणि दोन आठवडे साधे जेवण दिले. दोन्ही ताटांतील साखर, मीठ, चरबी, तंतू यांचे प्रमाण सारखे जुळवले होते आणि हवे तितके खाण्याची मुभा होती. पुड्यातले जेवण असताना माणसे दिवसाला सुमारे 500 कॅलरी जास्त खात होती. दोन आठवड्यांत वजन जवळपास एक किलोने वाढले, साध्या जेवणावर तितकेच उतरले. माणसे थोडी होती, दिवसही थोडे होते. पण त्यानंतर अनेक देशांतील मोठ्या पाहण्यांतून मधुमेह, हृदयविकार यांच्याशी असलेला संबंध दिसत राहिला. 2025 च्या नोव्हेंबरमध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात 43 तज्ज्ञांनी लेखमाला लिहून सरकारांनी आता हातपाय हलवावेत असे सांगितले. आपल्याकडे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे 2024 मध्ये भारतीयांसाठी 17 आहारसूचना काढल्या. देशातील एकूण रोगभारापैकी 56.4 टक्के भार अयोग्य आहारामुळे आहे, असे त्यात म्हटले आहे, आणि अतिप्रक्रियायुक्त पदार्थ कमी करण्याची सूचनाही आहे.

मात्र हा शिक्का म्हणजे वेद नव्हे, आणि वेद असता तरी आपण तपासूनच घेतला असता. त्याच्यात भोके आहेत. आपल्या घरात दिवसाला चार-पाच वेळा चहा होतो आणि प्रत्येक कपात दोन चमचे साखर पडते. ही साखर शिक्क्यातून सुटते, कारण ती आपण स्वतः घालतो. हमरस्त्यावर पेट्रोल-डिझेलच्या डेपोंसमोर टँकरची रांग लागते. तेथे टपरीवर दिवसभर एकाच कढईतल्या काळ्या तेलात वडे तळले जातात. तो वडाही शिक्क्यातून सुटतो. खारवलेला बोंबील रक्तदाबाच्या माणसाला चांगला नाही, तोही सुटतो. दिवाळीला वनस्पती तुपात तळलेली घरची शंकरपाळी तर 'घरची' म्हणून मोकळीच. उलट बाजूने, गव्हाच्या कोंड्यासकट केलेला कारखान्यातला ब्रेड आणि नुसते साखरेचे रंगीत पाणी हे दोन्ही चौथ्या गटात एकाच दावणीला बांधले जातात. युरोपातील एका मोठ्या पाहणीत असे दिसले की, एकाहून अधिक मोठे आजार जडण्याशी जवळचा संबंध आहे तो गोड पेयांचा आणि प्रक्रिया केलेल्या मांसाचा. ब्रेड आणि धान्याच्या पदार्थांच्या बाबतीत तसा संबंध दिसला नाही. म्हणजे चौथ्या गटात सगळेच सारखे गुन्हेगार नाहीत. ज्या माउलीकडे मुलाला द्यायला सकाळी ब्रेड किंवा काहीच नाही एवढेच पर्याय आहेत, तिने ब्रेड द्यावा. मी त्या दिवशी एवढे तरी सांगायला हवे होते.

आता जे सांगणार आहे ते आहारशास्त्राच्या पुस्तकात सापडत नाही. माझ्या लहानपणी गावच्या हॉटेलात आमच्यासाठी कप वेगळा होता. तो बाहेर कोनाड्यात असे. आपणच विसळायचा आणि आपणच परत ठेवायचा. भजी वर्तमानपत्राच्या तुकड्यावर वरून टाकली जात. पण काउंटरवरच्या बरणीशेजारी बिस्किटाचे पुडे असत. तो पुडा पाटलाच्या पोराला जेवढ्याला, तेवढ्यालाच मला. तसाच बंद, तसाच कोरा, त्यात कोणी हात घातलेला नाही. वडील 14 एप्रिलला आम्हा भावंडांना एकेक पुडा आणून देत. त्या पुड्याला जात नव्हती. आमच्या पिढीला त्या मैद्याच्या आणि साखरेच्या तुकड्यांत जी चव लागली, ती बरोबरीची होती. आज कोणी येऊन तो पुडा विष आहे म्हणतो तेव्हा त्याचे म्हणणे शास्त्राने खरे असले तरी आमच्या आत काहीतरी दुखावते. पाहुणा आला की भाकरी-पिठले द्यायला आजही आपल्या बाया लाजतात आणि पोराला पुडा आणायला पळवतात. त्या लाजेमागे हा इतिहास आहे. कंपन्यांना तो ठाऊक नव्हता, पण त्यांनी तो विकला.

गंमत पाहा. ज्या ज्वारी-बाजरीच्या भाकरीवरून आपल्याला हिणवले, तीच ज्वारी-बाजरी 2023 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात 'श्री अन्न' झाली. लगेच तिची बिस्किटे, कुकीज, शेवया निघाल्या. साखर तीच, पामतेल तेच, वर बाजरीच्या कणसाचे चित्र. आमची भाकरी आमच्या टोपलीत होती तोवर तिला कोणी श्री म्हटले नव्हते.

आता शिक्का मारायचाच तर कोठे मारायचा याचा विचार करू. या देशाच्या सरकारला अन्नावर ठळक, रंगीत, निरक्षरालाही कळेल अशी खूण छापता येत नाही असे नाही. 2001 साली अन्नभेसळीच्या नियमांत दुरुस्ती करून मांसाहारी पदार्थांवर तपकिरी आणि त्याच वर्षाच्या शेवटी शाकाहारी पदार्थांवर हिरवी खूण सक्तीची करण्यात आली. आज पाच वर्षांचे मूल ती खूण ओळखते. सरकारला लोकांना पहिल्यांदा सांगावेसे काय वाटले? यात साखर किती, मीठ किती हे नाही. यात मांस आहे की नाही, हे. साखरेचा, मिठाचा इशारा द्यायची वेळ आली तेव्हा मात्र गाडे अडकले. 2022 साली अन्न सुरक्षा प्राधिकरणाने पुड्यावर तारे छापण्याचा मसुदा काढला. जितका माल चांगला तितके तारे. म्हणजे वाईट मालालाही एखादा तारा मिळणारच. याला अकलेचे तारे तोडणे म्हणतात. 2025 च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुड्याच्या दर्शनी भागावरील सूचनेबाबत तीन महिन्यांत निर्णय घ्या, असे सांगावे लागले. चिली देशाने 2016 पासून काळ्या अष्टकोनात 'साखर जास्त', 'मीठ जास्त' असे सरळ छापले आणि तसला माल शाळांतून बाहेर काढला. काळा अष्टकोन वाचायला शाळेत जावे लागत नाही.

आपल्याकडे तर वाचायची भाषाच आपली नाही. पुड्यावरचा मजकूर इंग्रजीत किंवा हिंदीत असला की कायद्याचे समाधान होते. मराठी सक्तीची नाही. घटकांची यादी मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत पाठीमागे, शिवणीच्या घडीत. लोणीच्या त्या बाईंना आम्ही सांगतो, यादी वाचा. कोणती यादी? मी चष्मा लावून त्या दिवशी एक पुडा वाचायचा प्रयत्न केला, मला अर्धी नावे उच्चारता आली नाहीत. तेव्हा माझे मत असे झाले आहे की, पुड्याच्या तोंडावर चिलीसारखी साखर-मीठ-चरबीची काळी खूणच असावी. ती मोजता येते, तिच्यावरून कोर्टात भांडता येते. 'अतिप्रक्रियायुक्त' या शिक्क्याची खरी जागा दुसरीकडे आहे.

ती जागा म्हणजे सरकारी खरेदी. सर्वोच्च न्यायालयाने 28 नोव्हेंबर 2001 रोजी शाळांतून शिजवलेले गरम जेवण द्या असा आदेश दिला. तोवर महाराष्ट्रात मुलांच्या हाती महिन्याला तीन किलो तांदूळ ठेवून मोकळे होत असत. शिजवलेले जेवण सुरू झाले आणि बिस्किट उत्पादकांच्या तोंडाला पाणी सुटले. 2007-08 च्या सुमारास त्यांच्या संघटनेने खासदारांना गाठले. जेवणाऐवजी बिस्किटे द्या, स्वच्छ असतात, हाताचा स्पर्श नसतो, अशी बाजू मांडली गेली. 29 खासदारांनी केंद्राकडे तशी पत्रे लिहिली. पोषणतज्ज्ञांनी आणि राज्यांनी विरोध केला म्हणून ते टळले. हाताचा स्पर्श नसतो! कोणाच्या हाताचा? शाळेत दलित बाईने शिजवलेले अन्न सगळ्या जातींच्या मुलांनी एका पंगतीत खाणे, ही त्या योजनेतली सर्वांत मोठी पोषक गोष्ट होती. ठिकठिकाणी त्यावरून बहिष्कार झाले, ते उगीच नव्हे. पुडा आला असता तर पंगत गेली असती.

अंगणवाडीचेही तेच. या योजनेत ठेकेदार नकोत, असे सर्वोच्च न्यायालयाने 2004 सालीच बजावले होते. तरी महाराष्ट्रात घरी न्यायच्या आहाराच्या पाकिटांवर मोठ्या ठेकेदारांची पकड राहिली. फेब्रुवारी 2019 मध्ये न्यायालयाने महाराष्ट्राची 2016 सालची 6,300 कोटी रुपयांची निविदा रद्द केली आणि गावपातळीवरील बचत गटांना वाव देण्यास सांगितले. अशा ठिकाणी 'अतिप्रक्रियायुक्त माल सरकार विकत घेणार नाही' असा एका ओळीचा नियम असता तर किती भांडणे वाचली असती. ब्राझीलने हेच केले. 2009 च्या कायद्याने शालेय भोजनाच्या केंद्रीय निधीपैकी किमान 30 टक्के रक्कम लहान शेतकरी कुटुंबांकडून खरेदीसाठी राखली. पुढे अतिप्रक्रियायुक्त मालावरील खर्चालाही मर्यादा घातली, ती 2025 साली 15 टक्क्यांवर आणली आणि 2026 साठी 10 टक्के ठरवली. तेथे शिक्का आईच्या कपाळावर बसला नाही, निविदेच्या कागदावर बसला.

आपल्याकडे काय चालले आहे? 31 जानेवारी 2025 रोजी संसदेत मांडलेल्या आर्थिक पाहणी अहवालात अतिप्रक्रियायुक्त पदार्थांवर जादा कर लावण्याचा विचार व्हावा, असे लिहिले गेले. त्याच वर्षी 22 सप्टेंबरपासून बिस्किटांवरील जीएसटी 18 वरून 5 टक्क्यांवर आला, झटपट शेवया आणि फरसाण 12 वरून 5 वर. फक्त साखरेच्या फसफसत्या पेयांवर 40 टक्के लागला. स्वस्ताई झाली म्हणून कोणी रडणार नाही, मीही नाही. पण एका हाताने 'हे खाऊ नका' असे लिहायचे आणि दुसऱ्या हाताने त्याचाच भाव उतरवायचा, यातून सरकारचे नेमके म्हणणे काय ते कळत नाही.

आणि पुडा सोडून खायचे काय? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील शंभरातली सुमारे 35 बालके वयाच्या मानाने खुजी आढळली. निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी. या घरांत पुडे जास्त झाले, हे एक दुखणे झाले. दुसरे आणि मोठे दुखणे म्हणजे ताटात डाळ, अंडे, मांस नाही. गरिबाला परवडणारे बैलाचे मांस 2015 साली लागू झालेल्या कायद्याने ताटातून गेले. राहिले अंडे. नोव्हेंबर 2023 मध्ये राज्य सरकारने शालेय पोषण आहारात आठवड्यातून एक अंडे देण्याचा निर्णय घेतला. आठवड्याला एक! त्यालाही धार्मिक मंडळींचा विरोध झाला. जानेवारी 2025 मध्ये सरकारने नवा निर्णय काढून अंड्यासाठीचा निधी बंद केला. द्यायचे असेल तर शाळांनी लोकसहभागातून द्यावे. आता नोवाची वर्गवारी उघडून पाहा. अंडे पहिल्या गटात आहे. त्यात कसलेही आयएनएस नाही, सोलून खाल्ले की झाले. जगातले सगळे आहारतज्ज्ञ ज्याला साधे, चांगले अन्न म्हणतात त्याला पैसे नाहीत, आणि विहारात येऊन आम्हाला सांगितले जाते की पुडा सोडा.

कचऱ्याची एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. लोणीपासून फार लांब नाही, उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या शिवारात पुणे शहराने वर्षानुवर्षे आपला कचरा टाकला. तो कचरा वेचणाऱ्या आपल्याच मायबहिणी. 1993 साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत झाली, त्यातल्या बहुसंख्य बाया दलित. एका कचरावेचक आत्याला मी हा विषय समजावून सांगत होतो. तिने मला मध्येच थांबवले. म्हणाली, "कागद इकतो, बाटली इकती, दुधाची पिशवी बी इकती. आतनं चकाकणारा वेफरचा पुडा कुणी घेत न्हाई. खाल्ला तरी वाया, टाकला तरी वाया." चौथा गट ओळखण्याची ही खूण मोंतेरो यांच्याही ध्यानात आली नसेल.

दोन आठवड्यांनी पुन्हा लोणीला गेलो. त्या हडपसरला जाणाऱ्या बाई विहारातच भेटल्या. मी त्यांना माझे म्हणणे सांगितले, की पुडा विष नाही, पण रोजच्या न्याहारीला तो पोटभरीचा नाही. रात्रीची भाकरी दुधात कुस्करून, नाहीतर शेंगदाणे-गूळ, फुटाणे डब्यात काढून ठेवले तर मुलगा स्वतः घेऊन खाईल. आणि चुकून पुडा दिलाच तर जिवाला लावून घेऊ नका. त्यांनी ऐकून घेतले. मग विचारले, "आन् ते शाळेतलं अंडं? ते लोकसहभाग म्हणत्यात ते कोण? आम्हीच का?" मी म्हटले, "हो, बहुधा आपणच." त्या म्हणाल्या, "मग टॅक्स कशाचा घेत्यात?"

शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेसाठी बायकांनी अर्ज लिहिला होता. अंड्याचा निधी सरकारने पुन्हा सुरू करावा असा ठराव करून वर पाठवावा, आणि तोवर शाळेच्या फाटकासमोरच्या टपरीवर मधल्या सुट्टीत पुड्यांच्या माळा टांगू देऊ नयेत, अशा दोन मागण्या. मी फक्त शुद्धलेखन पाहिले. खाली सह्या आहेत आणि चार-पाच अंगठे. अर्ज सोमवारी शाळेत द्यायचा आहे. त्या दिवशी बाईंची पहिली पाळी असल्याने तो त्यांची जाऊ घेऊन जाणार आहे.